पंधरा टक्के

मी पहिल्यांदा आकडा बदलून वाचला तो मंगळवार होता. दोन हजार सतरा, मार्चची चौदा तारीख. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्याच सकाळी इराच्या प्लेस्कूलमधून हँड-फूट-माउथची साथ आल्याची चिठ्ठी आली होती आणि मी तिचे तळहात उलटेपालटे करकरून बघितले होते. चार वर्षांची पोर शेवटी वैतागून म्हणाली, "Mummy, enough already lah."

आम्ही तेव्हा सिंगापुरात पासिर रिसला राहत होतो, भाड्याच्या एचडीबी फ्लॅटमध्ये, म्हणजे सरकारनं बांधलेल्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. चारुदत्त, म्हणजे माझा नवरा, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेच्या आयटीत होता. मी पुण्यात फ्रेंचमध्ये एम.ए. केलं, तीन वर्षं शिकवलं, आणि मग त्याच्या पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, बायको म्हणून इथं येऊन घरी बसले. जीभ गंजू नये म्हणून लिफ्टमध्ये इराला मजले फ्रेंचमधून मोजायला शिकवायचे. एकदा आम्ही दोघी "सँक, सिस, सेत" करत असताना मागून एक उंच, वाकलेला गोरा म्हातारा म्हणाला, "काय गो, खंय चललंस?"

हे मोस्यू लगाल. अकराव्या मजल्यावरचे. ब्याऐंशी वर्षांचे, फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदराकडचे. आख्खं आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेलं, आणि त्यातली अकरा वर्षं पांडुरंग नावाचा मालवणचा एक ऑइलर त्यांच्या हाताखाली होता. मराठी तेवढीच, चारपाच वाक्यं, त्यातली दोन घरात बोलण्यासारखी नव्हती. सिंगापूरच्या मुलीशी लग्न करून ते इथंच राहिले होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती मुलगी एलेन टॅम्पिनीसला राहायची आणि रविवारी यायची.

त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेकडेनं दिसायचं, पण अक्षर दिसायचं नाही. कान इंजिनांनी खाल्ले होते. टीव्ही, रेडिओ, फोन, सगळ्याची नुसती घरघर ऐकू यायची. पण समोर बसून, सावकाश, तोंड उघडून बोललं की शब्दन् शब्द कळायचा. मग आमचं ठरलं. इरा प्लेस्कूलमध्ये असताना मी वर जायचं आणि टॅबलेटवरून त्यांना फ्रेंच वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. त्यांनी माझे उच्चार सुधारायचे. मला फ्रेंचची वरची परीक्षा द्यायची होती. त्यांना जगाची बातमी हवी होती. दीड वर्ष हे चाललं, आणि खरं सांगायचं तर सिंगापुरात आल्यापासून मला कुणीतरी वाट बघणारं मिळालं ते तिथंच.

ते वर्ष फ्रान्सच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं होतं. मोस्यू लगाल डावे. म्हणजे वडिलांपासून डावे. वडील गोदीत कामाला, संपात मार खाल्लेले. एलेन उजवी. तिचं म्हणणं, बाबांच्या पक्षानं देश झोपवला. ती अठराची झाल्यापासून बापलेकीचा एक रिवाज होता. मतदानाला दोघं एकाच गाडीतून जायचे, एकमेकांचं मत खोडून यायचे आणि मग कॉफी शॉपमध्ये बसून एका पानावरचा तिखट स्टिंगरे मासा वाटून खायचे.

"तीस वर्षं आम्ही शून्य करतोय," ते मला सांगायचे. "फ्रान्सला आमचा काही उपयोग नाही, पण मासा चांगला असतो."

जानेवारीच्या शेवटी त्यांच्या आवडीचा माणूस पक्षाचा उमेदवार झाला तेव्हा त्यांनी मला आणि इराला खाली नेऊन आइस कजांग, इथला रंगीत बर्फाचा गोळा, खाऊ घातलं होतं. फेब्रुवारीत मतचाचण्यांमध्ये तो सोळा-सतरा टक्क्यांवर होता. मग घसरायला लागला. दुसरा एक डावा होता, जुना बंडखोर, भाषणं जोरदार ठोकणारा. डावी मतं हळूहळू त्याच्याकडे सरकत होती. मोस्यू लगाल त्याला 'भोंगा' म्हणायचे.

त्या मंगळवारच्या आधीच्या आठवड्यात मी वाचलं होतं, "तेरा." त्यांचा कप बशीवर वाजला. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं मला दुसऱ्या दिवशी कामवाल्या बाईनं सांगितलं. प्रेशर एकशे ऐंशी. जानेवारीतच त्यांच्या हृदयात स्टेंट घातला होता. डॉक्टर काय म्हणाले हे मी ऐकलं नव्हतं, पण डॉक्टर काय म्हणतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. टेन्शन द्यायचं नाही.

मंगळवारी पडद्यावर साडेबारा होते. मी वाचलं, "पंधरा."

"पंधरा?" ते म्हणाले. "चढला?"

"थोडा."

"मी म्हणत होतो!" आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. नाकातून हसले. त्या दिवशी माझ्या उच्चारातली एकही चूक त्यांनी काढली नाही.

मला खरंच वाटलं की मी काहीतरी चांगलं केलं. खाली येताना लिफ्टच्या आरशात मी स्वतःकडे बघितलं, आणि मला आठवतंय, मी बरी दिसत होते.

मग ते सांभाळावं लागलं. एकदा पंधरा म्हटल्यावर चार दिवसांनी साडेदहा कसं म्हणणार? मी पंधरावर ठेवलं. कधी साडेचौदा, कधी सोळा, खरं वाटावं म्हणून. भोंगा वर चढत होता. अठरा, मग एकोणीस. त्याला मी बारावर बसवला. लेखांमधले परिच्छेदच्या परिच्छेद मनातल्या मनात गाळत, पुढचं वाक्य आधीच जुळवत मी वाचायचे. या परीक्षेत मला पैकीच्या पैकी मिळाले असते. समोर त्यांचा चेहरा असायचा, कान माझ्याकडे वळवलेला. एखाद्या माणसानं आपल्यावर इतकं सोपवलेलं असावं याची एक नशा असते, ती मी नाकारत नाही.

चारुदत्तला मी एप्रिलमध्ये सांगितलं. जेवताना.

तो घास हातात धरून बघत राहिला आणि मग हसायला लागला. "अगं, परकीय हस्तक्षेप! फ्रान्सच्या निवडणुकीत! तोही पासिर रिसच्या अकराव्या मजल्यावरून!"

"हसू नकोस."

"हे बघ योगिनी, आपण इथं पासवर आहोत. राजकारणाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही, कुणाच्याच. पण म्हाताऱ्याला बरं वाटतंय ना? मग वाच पंधरा. त्याच्या एका मतानं तिकडे कोण पडणारे?"

इराच्या ताटातले मटार सोलून सोलून बाजूला ठेवताना मी मान हलवली. घशात अडकतात म्हणून मी ते अजून सोलत होते. इरा म्हणाली, "Who fall down? French grandpa fall down?"

"नाही गं राणी. कुणी पडलं नाही."

ईस्टरच्या रविवारी एलेन जेवायला आली होती. सोमवारी मी वर गेले तर मोस्यू लगाल खुशीत.

"माझी मुलगी काय म्हणते माहितीये? म्हणे आमचा माणूस आठावर आला! आठ! मी म्हटलं, तू बँकवाल्यांचे पेपर वाचतेस. मला मादाम योगिनी रोज वाचून दाखवते, ती ना डावी ना उजवी, तिला माझ्याशी खोटं बोलायचं काय कारण?"

ते फ्रेंचमध्ये मला अहोजाहो करायचे, पण एलेनशी माझ्याबद्दल बोललेलं सांगायचे तेव्हा मला ते मनात 'ती' असंच ऐकू यायचं, घरच्या माणसासारखं. मी टॅबलेट उघडला. पडद्यावर आठच होते. मी म्हटलं, "आज चाचणीचं काही नाही. हवामान वाचू?"

मग बावीस एप्रिलचा शनिवार. मतदान दुसऱ्या दिवशी. इराला सुट्टी म्हणून ती माझ्याबरोबर होती, जमिनीवर बसून त्यांच्या जुन्या पाना-पक्कडींशी खेळत. मी आधी सगळ्यांची टोकं तपासून धारदार होती ती दोन उचलून ठेवली होती.

"आज वाचायला काही नाही," ते म्हणाले. "आज कायद्यानं सगळे गप्प. आज विचार करायचा दिवस. बसा. मी मोठ्यानं विचार करतो, तुम्ही ऐका."

मी बसले.

"दुसऱ्या फेरीत दोघंच जाणार. पुढं चौघं आहेत म्हणतात. मधला तो तरुण, ती कडव्या उजव्यांची बाई, एलेनचा उजवा, आणि आमच्यातला कुणीतरी. आता डाव्यांचा एक तरी दुसऱ्या फेरीत गेलाच पाहिजे. नाहीतर दोन आठवड्यांनी मी काय करू? दोन उजव्यांतून एक निवडू?" ते थांबले. "एलेन म्हणते तसा आमचा माणूस खरंच आठावर असता ना, तर मी नाक धरून भोंग्याच्या नावाचा कागद पेटीत टाकला असता. शपथ. बाप कबरीतून उठला असता, तरी टाकला असता. पण आमचा पंधरावर, तो बारावर. मग मागे त्यानं सरायचं, मी नाही. हिशेब बरोबर आहे ना?"

त्यांनी डोकं थोडं वाकडं केलं. कडेच्या नजरेनं माझा चेहरा शोधायची त्यांची ती पद्धत होती.

टेबलावर प्रेशरचं मशीन होतं. मी आल्या आल्या मोजलं होतं. एकशे अडतीस, ऐंशी. इतकं चांगलं महिनाभरात नव्हतं. म्हणजे सबब म्हणून तेही माझ्या हाताशी नव्हतं. इरा आपल्यातच रमलेली होती, घरात चौथं कुणी नव्हतं, घाई नव्हती. मोस्यू, मी खोटं वाचलंय, आठच आहेत, भोंगा एकोणीसवर आहे. एवढी दोन वाक्यं. फ्रेंचमध्ये मी ती मनात जुळवलीसुद्धा. क्रियापदाचा काळ नीट घेतला.

आणि मग मला दिसलं की त्यावर त्यांचं पुढचं वाक्य 'कधीपासून?' हे असेल.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"मग ठरलं!" ते म्हणाले. "इरा, उद्या आजोबा मत देणार."

"You choose the king ah?" इरानं विचारलं.

"राजाचं डोकं आम्ही केव्हाच उडवलं, पोरी," ते फ्रेंचमध्ये म्हणाले, आणि मी इरासाठी त्याचं भाषांतर 'ते अध्यक्ष निवडणार' असं केलं.

रविवारी सकाळी मी खिडकीतून बघितलं. एलेनची गाडी खाली उभी होती. मोस्यू लगालनी निळा ब्लेझर घातला होता, त्या उकाड्यात. एलेननं दार उघडलं, त्यांनी तिला काहीतरी म्हटलं, ती मोठ्यानं हसली आणि त्यांच्या पाठीत गुद्दा घातला. मत खोडायला निघाले होते दोघं.

सोमवारी सहाला उठले तेव्हा निकाल फोनवर होता. मधला तरुण आणि कडव्या उजव्यांची बाई दुसऱ्या फेरीत. एलेनचा उजवा तिसरा, वीस टक्के. भोंगा चौथा, साडेएकोणीसच्या जरासं वर. दुसऱ्या फेरीपासून दोन टक्क्यांपेक्षाही कमी अंतरावर. आणि मोस्यू लगाल यांचा माणूस सहा टक्क्यांच्या थोडं पुढं.

मी इराच्या कपाळाला हात लावला. गार होतं. तळहात बघितले. स्वच्छ. पोरीला ताप असता तर बरं, असं आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनात आलं, आणि मी घाईनं तिचा डबा भरायला घेतला.

दहाला वर गेले. दार एलेननं उघडलं. ऑफिसच्या कपड्यांत होती, पण चपला काढलेल्या. बाजूला झाली. मोस्यू लगाल नेहमीच्या खुर्चीत. समोर माझी खुर्ची, नेहमीसारखी, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"बसा, मादाम," ते म्हणाले. "एलेननं मला सहा सांगितलं. मी तिला दोनदा विचारलं. मग म्हटलं, काहीतरी घोटाळा असेल. पंधराचे सहा एका रात्रीत होत नाहीत. तुम्ही मला गुरुवारचा पेपर परत वाचून दाखवा. तोच लेख."

मी टॅबलेट काढला. गुरुवारचा लेख सापडला.

"साडेसात," मी वाचलं.

"मंगळवारचा," ते म्हणाले.

"आठ."

"त्याआधीचा."

मी वाचत गेले. आठ, साडेआठ, नऊ, दहा. आणि दुसरा, एकोणीस, अठरा, सतरा, पंधरा. महिन्याभराचे पेपर उलटे. मी गाळलेले परिच्छेद सगळे आता वाचले. एका ठिकाणी अडखळले तर त्यांनी सवयीनं शब्द दुरुस्त केला आणि मी तो परत नीट म्हटला. एलेन स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती.

"साडेबारा," मी वाचलं. "हा चौदा मार्चचा. यानंतर... म्हणजे याच्याआधी मी बरोबर वाचलंय."

"चौदा मार्च," ते म्हणाले. "माझं प्रेशर वाढलं त्यानंतर."

"हो."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं असं करायला? हिनं?"

"मी?" एलेन इंग्रजीत म्हणाली. तिला आमचं फ्रेंच नीट कळत होतं, पण माझ्याशी ती नेहमी इंग्रजीतच बोलायची. "मी त्यांना खरं सांगत होते, योगिनी. माझ्या बापानं माझ्यावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला. आम्ही या टेबलावर तीस वर्षं भांडतोय. माझ्या आईनं दोनदा प्लेट फोडलीये. कुणी मेलं नाही त्यानं. ते भांडतात म्हणून तर जिवंत आहेत!"

"एलेन," ते म्हणाले.

मी म्हटलं, "कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे असंच करतात. घरातल्या मोठ्या माणसाला... त्रास होईल असं सांगत नाहीत. माझ्या वडिलांना कॅन्सर होता. आम्ही त्यांना शेवटपर्यंत अल्सर म्हणून सांगितलं. आई, मी, काका, डॉक्टरसुद्धा. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं."

हे मी बचाव म्हणून सांगत होते. मला खरोखर वाटत होतं की हे सांगितलं की त्यांना कळेल.

"आणि त्यांना माहीत होतं?" मोस्यू लगालनी विचारलं.

"कुणाला?"

"तुमच्या वडिलांना."

मला एकदम बाबांचा शेवटचा महिना दिसला. मी औषधाची गोळी हातावर ठेवायचे तेव्हा ते तिच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, अल्सरची का? आणि मी म्हणायचे, हो बाबा. रोज विचारायचे. रोज.

"बहुतेक," मी म्हटलं.

"मग तो बिचारा एकटाच पडला की," ते म्हणाले. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल हळहळावं तसं.

खाली प्लेग्राउंडवर कुणाची तरी मुलं ओरडत होती.

"इंजिनरूममध्ये," ते म्हणाले, "पांडुरंग धावत यायचा आणि म्हणायचा, साब, काटा लाल. कधी मी झोपेत असायचो, कधी आजारी, एकदा तर मुलगी जन्मल्याची तार हातात होती. तरी काटा लाल म्हणजे लाल. मला बरं वाटावं म्हणून त्यानं एकदा जरी हिरवा सांगितला असता, तर आम्ही सगळे..." त्यांनी हात उलटा केला. "मला माहितीये, माझ्या एका मतानं काही झालं नसतं. तुम्ही तेच म्हणणार आहात."

मी तेच म्हणणार होते.

"पण ते माझं होतं. मी ब्याऐंशीचा आहे. पुढची निवडणूक मला कुठली? शनिवारी मी तुम्हाला विचारलं, हिशेब बरोबर आहे ना. प्रेशर तुम्हीच मोजलं होतं."

"हो," मी म्हटलं. त्यापुढे माफीचं मी जे काही बोलले ते आता मला जसंच्या तसं आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की फ्रेंच एकदम कच्चं झालं होतं, पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं, आणि त्यांनी एकही चूक सुधारली नाही.

"उद्यापासून वाचन नको," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या परीक्षेचे निबंध तिथं कपाटावर आहेत, माझ्या खुणा करून झाल्यात. मी एलेनकडून लिहून घेतल्या होत्या. घेऊन जा."

मी ते घेतले आणि खाली आले.

चारुदत्तनं संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाला म्हातारा?" मी सांगितलं. या वेळी तो हसला नाही. "एवढं मनाला लावून घेतात का लोक?" असं म्हणाला, पण मग बराच वेळ लॅपटॉप न उघडता बसला. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं डिसेंबरमध्ये, आणि ते त्याला नागपूरहून महिन्यानंतर कळवलं होतं. तू तिकडं एकटा, उगाच काळजी, म्हणून. तो काय विचार करत होता ते मी विचारलं नाही.

मधल्या दिवसांत लिफ्टमध्ये दोनदा भेट झाली. "बोंजूर मादाम," ते म्हणाले. इराला "काय गो," म्हणाले. तिनं विचारलं, "Mummy why you never go up already?" मी म्हणणार होते की आजोबांना बरं नाही. तोंडापर्यंत आलं होतं.

"आजोबा मम्मीवर रागावलेत," मी म्हटलं. "मम्मीनं त्यांना खोटं सांगितलं."

"Like the injection no pain?"

"हो. तसंच."

"Then you say sorry lah."

"म्हटलं."

तिनं यावर विचार केला आणि म्हणाली, "Say some more."

पाच मेच्या शुक्रवारी एलेनचा फोन आला. ऑफिसच्या कामासाठी ती तोक्योला होती, रविवारी परत येणार नव्हती. "बाबा म्हणतायत टॅक्सीनं एकटा जाईन. मी त्यांना सांगितलं, योगिनी येईल. पाच मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, चालेल." थोडं थांबून म्हणाली, "या वेळी आमची मतं एकाच माणसाला आहेत. पहिल्यांदाच. ती बाई नको म्हणून. आणि मी तिथं नाही."

रविवारी मी इराला चारुदत्तकडे सोडून वर गेले. ब्लेझर नव्हता. पांढरा शर्ट, हातात काठी. टॅक्सीत त्यांनी खिडकीकडे तोंड केलं होतं. बाहेर काय दिसत होतं त्यांना कोण जाणे, एक्सप्रेसवेच्या कडेची झाडं, हिरवट काहीतरी. मी एकदा म्हटलं, "आज गर्दी कमी आहे रस्त्यावर." ते म्हणाले, "हं."

मतदान फ्रेंच शाळेत होतं. हॉलपर्यंत रांग, सगळीकडे फ्रेंच, लहान मुलं, कुणाच्या तरी पिशवीत पाव. मी मतदार नव्हते, म्हणून दाराशी थांबले. तिथून टेबल नीट दिसत होतं. कागदांचे दोन ढीग, दोन उमेदवार. मतदारानं दोन्ही ढिगांतला एकेक कागद आणि एक पाकीट घ्यायचं, पडद्याआड जायचं, हवा तो कागद पाकिटात घालायचा. पहिल्या फेरीत एलेननं त्यांना कागद वाचून दिले होते. अकरा उमेदवारांचे अकरा कागद. स्वतः विरोधी बाजूची, पण बरोबर वाचून दिले होते.

मोस्यू लगालनी दोन्ही कागद घेतले. मग मागे वळून दाराच्या दिशेनं पाहिलं. म्हणजे मी जिथं उभी होते तिथं. डोकं किंचित वाकडं, कडेच्या नजरेनं. मी अर्धं पाऊल पुढं टाकलं. एक नाव वाचायचं होतं, मोठ्या अक्षरांतलं, तिथूनही मला दिसत होतं.

ते टेबलाकडे वळले. ओळखपत्रं तपासणाऱ्या मुलीपुढे त्यांनी एक कागद धरला. ती विशीतली असेल. तिनं वाचलं. त्यांनी कान पुढं केला, तिनं पुन्हा मोठ्यानं वाचलं. त्यांनी त्या कागदाचा कोपरा दुमडला. मग रांगेत मागं उभ्या असलेल्या एका माणसाकडे वळले, खांद्यावर मूल घेतलेला कुणीतरी, आणि तोच कागद त्याच्यापुढे धरला. त्यानंही वाचलं. दोघांचं जुळल्यावर ते पडद्याआड गेले.

बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं. मी पुढं झाले. त्यांनी माझ्या दंडाला धरलं, चालायला आधार लागतो म्हणून. दारातून बाहेर उन्हात आलो.

"तीन पायऱ्या आहेत," मी म्हटलं.

त्यांनी काठी पुढं केली, पहिली पायरी चाचपली, मग दुसरी, मग तिसरी. आणि मग पाय टाकला.